अल्टिमेटम गेम, भुवनेश्वरचे ३९ प्रसंग आणि ‘आपली मानसिकताच तशी’ हे उत्तर

ओसरी (धागाकर्ती)

‘आपली मानसिकताच तशी’ हे उत्तर सिग्नल तोडण्यापासून लग्नातल्या खर्चापर्यंत कुठेही चिकटतं, आणि म्हणूनच ते काहीच सांगत नाही. संस्कृतीनुसार माणसाची न्यायबुद्धी बदलते हे खरं. पण किती बदलते, कुणाची बदलते आणि ते मोजलं कसं, असं विचारलं की गाडी ‘पौर्वात्य समूहवादी, पाश्चात्त्य व्यक्तिवादी’ या ठरलेल्या फलाटावर जाऊन थांबते. म्हणून या धाग्यात मोजणीबद्दल बोलू. माझं म्हणणं एवढंच की देश हे संस्कृतीचं एकक धरलं की हाती भलतंच लागतं. फरक असतो तो गावात, वर्गात, पोट भरायच्या पद्धतीत, आणि बरेचदा प्रश्न कसा विचारला त्यात.

सुरुवात अल्टिमेटम गेमपासून. दोन माणसं, एकमेकांना अनोळखी आणि शेवटपर्यंत अनोळखीच राहणारी. पहिल्याच्या हातात दहा नाणी. त्यातली दुसऱ्याला किती द्यायची ते त्याने एकदाच सांगायचं, घासाघीस नाही. दुसरा ‘चालेल’ म्हणाला तर तशी वाटणी. ‘नाही’ म्हणाला तर दोघांच्याही हाती भोपळा. निव्वळ फायद्याचा हिशेब केला तर पहिल्याने एक नाणं द्यावं आणि दुसऱ्याने ते निमूट घ्यावं. प्रत्यक्षात अमेरिका-युरोपातले विद्यार्थी ४० ते ५० टक्के देतात आणि २० टक्क्यांच्या खालचा देकार साधारण निम्म्या वेळा धुडकावला जातो. यावरून ‘माणूस स्वभावतःच न्यायप्रिय’ असा निष्कर्ष कितीतरी वर्षं पाठ्यपुस्तकांत होता.

जोसेफ हेन्रिक हा मानववंशशास्त्रज्ञ १९९० च्या दशकात हा खेळ घेऊन पेरूच्या अॅमेझॉन खोऱ्यातल्या माचिगेंगा लोकांत गेला. सरासरी देकार २६ टक्के, सगळ्यांत जास्त वेळा आलेला देकार १५ टक्के, आणि नकार सबंध प्रयोगात फक्त एक. त्याच पद्धतीने लॉस एंजेलिसमध्ये खेळवलं तेव्हा सरासरी ४८ टक्के होती. माचिगेंगांचं म्हणणं साधं होतं: फुकटचे पैसे कोण नाकारेल? दुसरा खेळाडू होणं हे आपलं नशीब, त्यात पहिल्याचा काय दोष?

मग २००१ पर्यंत पंधरा छोट्या समाजांत हाच खेळ झाला. इंडोनेशियातल्या लामालेरा गावातले देवमाशांचे शिकारी निम्म्याहून जास्त, सुमारे ५८ टक्के देत होते. तिथे देवमासा किनाऱ्याला लागला की भालाफेक्याचा भाग कुठला, वल्हेकऱ्यांचा कुठला, होडी बांधणाऱ्याचा कुठला हे कापायच्या आधीच ठरलेलं असतं. पापुआ न्यू गिनीतल्या आउ आणि ग्नाउ लोकांनी तर निम्म्यापेक्षा मोठे देकारही नाकारले, कारण तिथे मोठी भेट घेतली की परतफेडीचं ओझं आणि देणाऱ्यापुढे कमीपणा आला. केनियातल्या ओर्मा पशुपालकांत सामाईक निधीचा खेळ (आपल्या पैशांतले किती सगळ्यांच्या निधीत टाकायचे ते प्रत्येकाने ठरवायचं) मांडला तर त्यांनी तो लगेच ओळखला: हा तर हराम्बे! शाळा-रस्त्यांसाठी गावाने वर्गणी काढायची तिथली रीत. आणि मग हराम्बेत देतात तसे पैसे दिले.

थोडक्यात, डोक्यात ‘न्यायबुद्धी’ नावाचा एकच काटा नाही. खेळ मांडला की माणूस आपल्या रोजच्या व्यवहारातला कुठला प्रसंग याच्याशी जुळतो ते शोधतो आणि त्याचे नियम लावतो. हेन्रिक आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या मोठ्या अभ्यासात सगळ्यांत चांगला अंदाज देणारी गोष्ट होती बाजाराशी संबंध, आणि तो मोजला होता घरातले किती टक्के उष्मांक विकत आणलेल्या अन्नातून येतात यावर. जितकं अन्न विकतचं, तितका देकार निम्म्याच्या जवळ. बाजार माणसाला स्वार्थी करतो असं समजणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

आडवा प्रश्न

वाचतोय. पण दहा नाण्यांसाठी कोण हिशेब करतं? रक्कम मोठी करा, सगळी तत्त्वं गळून पडतील. चहाच्या पैशावर रुबाब कुणीही दाखवतो.

काटेकोर

आडवा प्रश्न, शंका रास्त आहे आणि ती आपल्याच देशात तपासून झाली आहे. ईशान्य भारतातल्या खेड्यांत २०, २००, २,००० आणि २०,००० रुपये अशा चार रकमांवर हा खेळ घेतला आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गरीब भागात प्रयोग करायचं कारण उघड आहे, तेवढ्याच निधीत काही महिन्यांच्या कमाईइतकी रक्कम लावता येते. रक्कम वाढली तसे टक्केवारीत देकार लहान होत गेले आणि नकारही कमी झाले. २०,००० च्या पातळीवर नकार जवळपास नाहीसाच झाला. म्हणजे तुम्ही अर्धे बरोबर. पण समाजासमाजांत तुलना करताना रक्कम सगळीकडे सारख्याच वजनाची ठेवतात, साधारण तिथली एका दिवसाची मजुरी. त्यामुळे माचिगेंगा आणि लॉस एंजेलिसमधला फरक रकमेवर ढकलता येत नाही.

खरी गोची रकमेत नसते, मांडणीत असते. हा खेळ शेतावर किंवा पाड्यावर घेताना बिघडतो तो असा:

पहिली गोष्ट उदाहरण. समजावताना ‘समजा त्याने पाच दिले’ म्हटलंत की संपलं, निम्मे लोक पाच देतात. उदाहरणं दोन-तीन आणि पसरलेली हवीत, एक, आठ, चार अशी, आणि सगळ्या गावांत तीच, त्याच क्रमाने. संहिता स्थानिक बोलीत उतरवायची आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाकडून परत मूळ भाषेत आणून ताडायची.

दुसरी गोष्ट समज तपासणे. समोर खरी नाणी मांडून प्रत्येकाला एकेकट्याने विचारायचं: ‘तुम्ही तीन दिले, तो नाही म्हणाला, तुम्हाला किती?’ उत्तर ‘सात’ आलं तर पुन्हा समजवा. दोनदा चुकलं तर त्याला खेळवू नका, पण हजेरीचे पैसे द्याच. हजेरीचे पैसे खेळाच्या रकमेपासून वेगळे आणि आधी हातात दिलेले असावेत. नाहीतर रिकाम्या हाताने घरी जावं लागेल या धास्तीने दुसरा खेळाडू काहीही स्वीकारतो आणि तुम्ही ते ‘संस्कृती’ म्हणून छापता.

तिसरी गोष्ट कुजबुज. एका गावाचा खेळ एकाच दिवसात उरकायचा. खेळून झालेले आणि थांबलेले एकमेकांना भेटता कामा नयेत. जेवणाच्या सुट्टीत दोन्ही गट नळावर एकत्र आले की दुपारचे देकार सकाळच्या गप्पांचे असतात.

चौथी, आणि आपल्याकडे सगळ्यांत वाईट: जागा आणि माणूस. सरपंचाच्या अंगणात खेळवलंत, किंवा सोबत एखाद्या संस्थेची जीप उभी असली, की लोक धरून चालतात ही कुठलीतरी योजना आहे आणि यादीत नाव लागायचं तर चांगलं वागलं पाहिजे. मग उदारता फुगते. ती गावकऱ्यांची नव्हे, जीपची.

लामालेराबद्दल एक टीप. तिथे रोख पैशाऐवजी सिगारेटची पाकिटं वाटली होती, कारण पैशाचा खेळ जुगारासारखा दिसला असता. निर्णय शहाणपणाचा, पण ५८ टक्के हा आकडा इतरांच्या शेजारी ठेवताना ही गोष्ट लक्षात ठेवावी.

ओसरी

काटेकोर, ‘उदारता जीपची’ हे आवडलं. एक भर घालते. दुसऱ्या खेळाडूला नुसता आलेला देकार दाखवायचा, की आधीच शून्यापासून दहापर्यंत प्रत्येक देकाराला हो की नाही विचारून ठेवायचं? २०१० च्या अभ्यासात दुसरी पद्धत होती. फायदा असा की कुणी लहान देकार दिलाच नाही तरी तो नाकारला असता का ते कळतं. तोटा असा की ‘शून्य आला तर? एक आला तर?’ हे विचारता विचारता माणूस कंटाळतो आणि सरसकट ‘हो’ म्हणत सुटतो. मोठे देकार नाकारणारे लोकही याच पद्धतीत नीट दिसतात.

दुर्बीण

नाण्यांच्या खेळावरच आहात तर शिक्षेचं प्रकरणही घ्या. सामाईक निधीचा खेळ: चौघांचा गट, प्रत्येकाला २० टोकन. निधीत टाकलेल्या प्रत्येक टोकनामागे चौघांनाही ०.४ मिळतात. म्हणजे सगळ्यांनी २० टाकले तर प्रत्येकाचे ३२ होतात, पण एकट्याने अंग चोरलं तर त्याचं आणखी फावतं. दहा फेऱ्या. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक फेरीनंतर स्वतःचं एक टोकन खर्चून कुणाचीही तीन कापता येतात.

२००८ मध्ये सोळा शहरांतल्या विद्यार्थ्यांवरचा हा प्रयोग छापून आला. शिक्षा नसताना शहरांतला फरक फार नव्हता, शिक्षा आल्यावर तो पडला. बोस्टन, मेलबर्नमध्ये लोक अंगचोरांना कापत होते आणि निधी वाढत होता. अथेन्स, मस्कत, रियाध इथे बरेच जण जास्त देणाऱ्यालाच कापत होते! काही अंशी तो बदला असावा, काही अंशी ‘फार शहाणा समजतो स्वतःला’. तिथे शिक्षेची सोय असूनही निधी वाढला नाही. कायद्यावर विश्वास कमी आणि करचुकवेगिरी खपवून घ्यायची सवय जास्त, अशा समाजांत हे जास्त दिसलं.

सोसायटीच्या मीटिंगा पाहिलेल्यांना जास्त सांगायला नको. पण सोळांत भारतीय शहर एकही नव्हतं, त्यामुळे ‘बघा, आपल्याकडे पण’ म्हणून उडी मारू नका.

शंखपाळी

खेळांबाबत चर्चा उत्तम चालली आहे, परंतु धाग्याच्या शीर्षकातील ३९ प्रसंग अजून आलेच नाहीत. नैतिक विचाराचा प्रश्न पैशांच्या वाटणीत संपत नाही, त्यामुळे तिकडे वळतो.

पार्श्वभूमी अशी. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्गच्या मते नैतिक विचार सर्वत्र त्याच पायऱ्यांनी चढतो: आधी शिक्षेचे भय, मग समाजाची रीत, शेवटी स्वतंत्र तत्त्वे. मरणासन्न बायकोसाठी औषध चोरणाऱ्या हाइन्झची गोष्ट सांगून ‘का’ विचारायचे आणि उत्तराला पायरी द्यायची. १९८५ मध्ये २७ देशांतील ४५ अभ्यास एकत्र पाहिले गेले तेव्हा वरची पायरी खेडवळ, पारंपरिक समाजांत सापडलीच नाही. याचे दोन अर्थ निघतात. एक तर ते लोक मागे आहेत, किंवा शिडी एका विशिष्ट वर्गाच्या घराला लावलेली आहे.

रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्र आणि जोन मिलर यांनी १९८७ मध्ये दुसरा अर्थ घेतला. भुवनेश्वरच्या लिंगराज मंदिराभोवतीच्या जुन्या वस्तीतील ब्राह्मण व दलित कुटुंबे आणि शिकागोच्या हाइड पार्कमधील कुटुंबे, मुले पाच वर्षांपासून पुढची, शिवाय प्रौढ. प्रत्येकासमोर ३९ प्रसंग. पद्धतीचा कणा प्रश्नांमध्ये आहे: हे चूक आहे का? किती गंभीर? कुणाला कळले नाही तरी चूक का? सगळ्या जगाने हा नियम पाळावा का? बहुसंख्य लोकांनी नियम बदलायचे ठरवले तर बदलावा का? कुणी थांबवावे वा शिक्षा द्यावी का? ‘बदलता येईल’ असे उत्तर आले तर तो शिष्टाचार, ‘लोक काहीही ठरवोत, चूकच’ असे आले तर नीती.

ओडिया उत्तरांत सर्वांत गंभीर ठरलेला प्रसंग: वडील वारल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली. शिकागोवाल्यांना यात नीतीचा प्रश्नच दिसला नाही. विधवेने आठवड्यातून दोन-तीनदा मासे खाणे हाही भुवनेश्वरला जड अपराध. आणि शिष्टाचार म्हणावे असे वेगळे खाते तिथे जवळजवळ रिकामेच होते, पाच-सात वर्षांच्या मुलांपासून.

आडवा प्रश्न

शंखपाळी, थांबा. केस कापले तर चूक? आपल्याकडे अनेक घरांत मुलगा पहिल्याच दिवशी क्षौर करतो, काही ठिकाणी दहाव्याला. मग हा प्रसंग कोल्हापुरात विचारला तर लोक म्हणतील, ‘बरोबरच केलं की, पण कोंबडी कशाला?’

शंखपाळी

अगदी नेमके पकडलेत. एका वाक्यात दोन कृती असलेला प्रसंग जिथे तयार झाला तिथेच चालतो. महाराष्ट्रात तोच जशाचा तसा वापरला तर केस कापणे कर्तव्यात मोडेल आणि कोंबडी सुतकभंगात, आणि माणूस ज्याला उत्तर देतो आहे ते आपण विचारलेले नसेल. भाषांतर निर्दोष असूनही मोजमाप चुकते ते असे. उपाय एकच: आधी स्थानिक लोकांकडूनच ‘आमच्यात काय केलेले चालत नाही’ ही यादी घ्यायची, प्रत्येक प्रसंगात एकच कृती ठेवायची, आणि मग वरचे प्रश्न तसेच्या तसे लावायचे. प्रश्न नेता येतात, प्रसंग नेता येत नाहीत.

याहून मोठा आक्षेप एलियट ट्युरिएल व सहकाऱ्यांचा, त्याच वर्षीचा. त्यांचे म्हणणे: विधवेने मासे खाल्ले तर नवऱ्याच्या आत्म्याला क्लेश होतो असे ती माणसे मानतात. मग तो इजेचाच प्रश्न झाला. नीती तीच, जगाविषयीची माहिती वेगळी.

हा आक्षेप तपासण्यासाठी जॉनथन हाइट, सिल्विया कोलर आणि मारिया डायस यांनी १९९३ मध्ये मुद्दाम कुणालाही इजा न होणारे प्रसंग घेतले. जुना राष्ट्रध्वज फाडून त्याने न्हाणीघर पुसणारी बाई, गाडीखाली मेलेला स्वतःचा कुत्रा शिजवून खाणारे कुटुंब. ब्राझीलची रेसिफे आणि पोर्तो अलेग्रे ही शहरे व अमेरिकेतील फिलाडेल्फिया, प्रत्येक ठिकाणी वरचा आणि खालचा वर्ग, मुले आणि प्रौढ, मिळून बारा गट, प्रत्येकी ३० जण. ‘यात कुणाचे नुकसान झाले का?’ हेही विचारले. बऱ्याच लोकांनी नुकसान नाही असे सांगूनही कृती चूकच ठरवली, त्यामुळे ट्युरिएलचे उत्तर अपुरे पडते. पण श्वेडरच्या बाजूनेही सारे गेले नाही: देशापेक्षा वर्गाचा फरक मोठा निघाला. फिलाडेल्फियातील सधन विद्यार्थी आपल्याच शहरातील गरीब वस्तीपेक्षा पोर्तो अलेग्रेतील सधन विद्यार्थ्यांच्या जवळ होते.

ओसरी

हेच मला हवं होतं. ‘अमेरिकन नीती’ असं काही एक नाही, त्यातला एक शिकलेला, खात्यापित्या घरचा तुकडा मानसशास्त्राने नमुना म्हणून उचलला. २००८ मध्ये कुणीतरी नियतकालिकांची मोजदाद केली, तर प्रयोगांतली ९६ टक्के माणसं पाश्चात्त्य औद्योगिक देशांतली होती, आणि ६८ टक्के एकट्या अमेरिकेतली.

आता म्हैसूर. जोन मिलरनेच १९८४ मध्ये म्हैसूर आणि शिकागोतल्या लोकांना ओळखीच्या माणसाने केलेली एक चांगली आणि एक वाईट गोष्ट सांगायला लावली, आणि ‘त्याने असं का केलं’ विचारलं. प्रौढ अमेरिकनांची सुमारे ४० टक्के कारणं स्वभावावर होती: बेजबाबदार आहे, गर्विष्ठ आहे. म्हैसूरच्या प्रौढांत हे २० टक्क्यांच्या खाली, तिथे प्रसंग, नाती, हुद्दा यांवर भर. यातला एक प्रसंग असा. मोटरसायकल चालवणारा वकील मागे बसलेल्या माणसाला अपघातानंतर इस्पितळात सोडून कोर्टात निघून जातो, आणि तो माणूस दगावतो. अमेरिकन म्हणाले बेपर्वा. भारतीय म्हणाले वकील आहे, अशिलाची तारीख होती, शिवाय तो घाबरलेला असणार.

पण या अभ्यासातला सगळ्यांत कामाचा भाग लोक सोडून देतात. आठ वर्षांची मुलं दोन्हीकडे जवळपास सारखीच उत्तरं देत होती. फरक वयाबरोबर वाढत गेला. म्हणजे हे रक्तात नाही आणि मेंदूची जडणघडणही वेगळी नाही, आजूबाजूचे मोठे लोक कारणं कशी सांगतात ते ऐकत ऐकत येतं.

१९९२ चा दुसरा अभ्यास म्हैसूर आणि न्यू हेवन. जिवलग मित्राच्या लग्नाला अंगठी पोचवायची आहे, पाकीट चोरीला गेलं, शेजारच्या माणसाच्या कोटाच्या खिशात तिकीट दिसतंय. तिकीट चोरायचं की लग्न चुकवायचं? म्हैसूरला ८० टक्क्यांहून जास्त लोकांनी मित्राची बाजू घेतली, न्यू हेवनला साधारण ४० टक्क्यांनी. याचा अर्थ ‘भारतीयांना चोरी चालते’ असा लावणारे भेटतात. तसा तो नाही. मैत्रीतलं कर्तव्य अमेरिकनांना वैयक्तिक मर्जीचा भाग वाटलं, म्हैसूरच्या लोकांना ते चोरीच्या मनाईइतकंच बंधनकारक वाटलं. दोन कर्तव्यं समोरासमोर आली आणि एक जिंकलं.

आडवा प्रश्न

बरं, पण हेतू तरी सगळीकडे सारखाच मोजतात ना? मुद्दाम केलं की चुकून झालं, एवढं तर कुणालाही कळतं.

शंखपाळी

कळते सर्वांना, वजन सर्वत्र सारखे नाही. २०१६ मध्ये दहा समाजांत हे तपासले गेले, त्यांतील आठ छोटे ग्रामीण किंवा भटके, शिवाय लॉस एंजेलिस आणि युक्रेनमधील एक खेडे. बाजारात दुसऱ्याची पिशवी उचलली, मुद्दाम किंवा स्वतःची समजून. पाणवठ्यात विष मिसळले, मुद्दाम किंवा नकळत. लॉस एंजेलिसमध्ये हेतूने निकाल पुरता पालटला. फिजीच्या यासावा बेटावर, टांझानियाच्या हाद्झा आणि नामिबियाच्या हिंबा लोकांत बराच कमी. यासावात ‘दुसऱ्याच्या मनात काय आहे ते आपण बोलू नये’ असा संकेतच आहे. विषाच्या प्रसंगात अनेक ठिकाणी हेतूचा भार घटला, कारण परिणाम साऱ्या गावावर.

यासाठी फिजीला जायची गरज नाही. सोवळ्यातल्या माणसाला धक्का चुकून लागला तरी सोवळे मोडतेच, आणि शिवी मात्र मुद्दाम दिली का हे पाहिले जाते. एकाच घरात, एकाच दिवशी दोन्ही मापे चालू असतात. म्हणून ‘या समाजाला हेतू महत्त्वाचा वाटत नाही’ असे सरसकट लिहू नये. कुठल्या क्षेत्रात नाही, ते लिहावे.

दुर्बीण

‘बायका मुळातच स्पर्धा टाळतात’ याचाही असाच निकाल लागलाय. मेघालयातल्या खासी (वारसा आईकडून) आणि टांझानियातल्या मासाई (कडक पितृसत्ता) लोकांत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग. टेनिसचा चेंडू तीन मीटरवरच्या बादलीत टाकायचा, दहा संधी. टाकायच्या आधीच निवड करायची: प्रत्येक यशाला ठरलेली रक्कम, की न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला हरवलं तर तिप्पट आणि हरलं तर शून्य? मासाई पुरुष ५० टक्के स्पर्धेत उतरले, बायका २६. खासी बायका ५४ टक्के, पुरुष ३९. हा खेळ निवडला कारण तो दोन्हीकडे नवा आणि त्यात बायका-पुरुषांचं कसब सारखं. दोन्हीकडची मिळून माणसं दीडशेच्या आसपासच आहेत, तेव्हा आकडे दगडावरची रेघ समजू नका.

सह्यधार

फार माहितीपूर्ण धागा, खूण साठवली. मानसशास्त्राच्या एम.ए.साठी प्रबंध करायचा आहे. चीनमधला तो भात-गहू अभ्यास वाचला. त्यावरून रत्नागिरीतली दोन भाताची गावं आणि सोलापूरकडची दोन ज्वारीची गावं घ्यायची, प्रत्येकी ५० माणसं, असा विचार आहे. भातवाले जास्त समूहवादी निघतील असं गृहीतक. जाणकारांनी सल्ला द्यावा.

काटेकोर

सह्यधार, विषय मोहात पाडणारा आहे, म्हणून आधी मूळ अभ्यास नीट बघा. थॉमस टॅलहेम आणि सहकारी, २०१४: चीनमध्ये सहा ठिकाणचे १,१६२ हान विद्यार्थी. काम असं: आगगाडी, बस, रूळ यांतल्या दोन जोडा. आगगाडी-बस जोडली तर प्रकारावरून, आगगाडी-रूळ जोडली तर संबंधावरून. भाताच्या प्रांतांत संबंधाच्या जोड्या जास्त, आणि त्यांचा मेळ समूहवादाशी घातला जातो. टीका बरीच झाली, कारण उत्तर आणि दक्षिण चीनमध्ये भाताखेरीज शंभर गोष्टी वेगळ्या आहेत. त्याला चांगलं उत्तर २०२४ मध्ये आलं: निंगशिया भागातली शेजारशेजारची दोन सरकारी शेतं, एकावर सरकारने भात लावायला माणसं पाठवली, दुसऱ्यावर गहू. कुणी कुठे जायचं हे माणसांनी निवडलं नव्हतं. २३४ शेतकरी, फरक त्याच दिशेने.

तुमच्या आराखड्यात तेच नाही. रत्नागिरी आणि सोलापूरमध्ये पाऊस, जमीनधारणेचा इतिहास (तिकडे खोती, इकडे रयतवारी), मुंबईला गेलेल्या माणसांचं प्रमाण, जातींची घडण, सगळंच वेगळं. फरक सापडला तर कशाचा म्हणाल?

त्याहून महत्त्वाचं: चीनमधल्या भातामागचं कारण काय सांगितलंय? सामाईक पाट-बंधाऱ्याचं पाणी आणि लावणीची देवाणघेवाणीची मजुरी. कोकणातला खरीप भात बहुतेक पावसावर. त्यामुळे पाणीवाटपाचं भांडणही नाही आणि सहकारही नाही. मजुरीचं अर्धं कारण आहे, लावणीला सावड करतात. पण इर्जिक, म्हणजे तशीच एकमेकांच्या शेतात राबायची रीत, देशावरही होतीच. म्हणजे पीक हे नाव सारखं, यंत्रणा वेगळी.

ओसरी

आणि सह्यधार, प्रत्येकी ५० हा आकडा फसवा आहे. छत्तीसगडमधल्या पहाडी कोरवा लोकांच्या सोळा गावांत शक्ती लांबा आणि रूथ मेस यांनी सामाईक निधीचा खेळ घेतला, २०११ मध्ये प्रसिद्ध. एकच जमात, एकच भाषा, आणि तरी गावागावांतला फरक एवढा की वेगवेगळ्या समाजांत म्हणून जो फरक आपण सांगतो त्याच्या तोडीचा. गाव किती मोठं, माणसाचं वय किती, अशा गोष्टींनी यातला काही फरक पडत होता. मग प्रत्येक बाजूला दोनच गावं घेऊन पिकाबद्दल काय सिद्ध होणार? तुम्ही चार गावांची तुलना केलेली असेल, इतकंच.

सह्यधार

धन्यवाद, डोळे उघडले. मग काय करू? विषय सोडून द्यायला मन होत नाही आणि २०० च्या वर माणसं झेपणार नाहीत.

काटेकोर

माणसं २०० च ठेवा, गावं वाढवा. हिशेब बघा. एका गावातली माणसं एकमेकांसारखी उत्तरं देतात, समजा त्या सारखेपणाचा गुणांक ०.१ आहे. ४ गावं आणि प्रत्येकी ५० माणसं घेतली तर फुगवटा (माणसांच्या आकड्याला ज्याने भागायचं तो) १ + ४९ × ०.१ = ५.९, म्हणजे तुमची २०० माणसं ३४ जणांच्या मोलाची. २० गावं आणि प्रत्येकी १० घेतली तर १ + ९ × ०.१ = १.९, म्हणजे सुमारे १०५. खर्च एसटीचा आणि वेळेचा वाढतो, पण उत्तराला काही अर्थ राहतो. विश्लेषणात गावाची पातळी वेगळी धरायला विसरू नका.

पाण्याचा सहकार हेच कारण तपासायचं असेल तर पीक सोडा, पाणी धरा. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत आहे: बंधाऱ्याखालचं क्षेत्र फडांत वाटलेलं, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी पाटकरी सोडणार. त्याच तालुक्यात, त्याच पावसात, तशाच मिश्र वस्तीची पण विहिरीवर शेती करणारी गावं शेजारी मिळतात. फडाची दहा, विहिरीची दहा, शक्य तितक्या जोड्या लावून.

ओसरी

यात एक खाच आहे. वरच्या धरणांमुळे आणि विहिरींमुळे बरेच फड मोडलेत किंवा नुसते कागदावर आहेत. गाव निवडायच्या आधी विचारा: गेल्या हंगामात पाटकऱ्याला मोबदला कुणी दिला, पाट साफ करायला घरटी माणूस आला का, नियम मोडणाऱ्याला दंड शेवटचा कधी झाला? तिन्हींची उत्तरं चाचपडत आली तर ते गाव विहिरीच्या यादीत टाकू नका, सरळ वगळा. मोडलेला फड म्हणजे कधीच नसलेला फड नव्हे, सवयी मागे राहतात आणि तुमची तुलना गढूळ करतात.

शंखपाळी

आणि आगगाडी-बस-रूळ तिकडे जशाच्या तशा नेऊ नका. बैल, गाय, नांगर घ्या, पण आधी वीसेक लोकांवर चाचणी करून. बैल-नांगर ही जोडी शेतकऱ्याला इतकी सरावाची असेल की दोन्ही प्रकारच्या गावांत सगळे तीच निवडतील, आणि मापात फरक दिसायला जागाच उरणार नाही. असे त्रिकूट चाचणीतच बाद करावे. दहा-बारा त्रिकुटे हाती राहिली पाहिजेत, म्हणजे सुरुवात पंचवीसएकपासून करा.